मारुतची कंबर, मारुतची इंजिनं

परळकर_७२:
मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं एचएफ-२४ मारुत (भारतात बनलेलं लढाऊ जेट विमान) बघून १:७२ मापाचं लाकडी मॉडेल करायला घेतलंय. पंखांपाशी विमानाचं धड आवळल्यासारखं दिसतं. तसंच कोरायचं का? आणि मॅक २ (ध्वनीच्या दुप्पट वेग) डोळ्यासमोर ठेवून काढलेलं विमान मॅक १ च्या आसपासच का अडकलं?

रंधा:
कंबर अजिबात सोडू नका, मारुतची ओळखच ती. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध किती होणार, हे नाकापासून शेपटीपर्यंत एकूण छेद (विमान आडवं कापलं तर दिसणारं क्षेत्रफळ) किती सावकाश बदलतो यावर ठरतं. पंख जिथे छेद वाढवतात तिथे धडातून तेवढा काढून घ्यायचा. याला एरिया रूल म्हणतात.

लांबी १५.८७ मी. म्हणजे तुमची २२ सें.मी., पंखविस्तार ९ मी. म्हणजे १२.५ सें.मी. आधी ठोकळ्यावर वरून दिसणारी आकृती कापा, मग छेदांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे साचे लावून गोलाई काढा. उलटं केलंत तर कंबर एका बाजूला जास्त खाल्ली जाते. इंजिनं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे शेपटीकडे धड आडवं रुंद हवं, नळकांड्यासारखं गोल नको. नाकात शिशाचे छर्रे भरा आणि रंगाआधी मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल ठेवून तोला. नाक खाली गेलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसणार.

ऑर्फियस:
वेगाचं उत्तर इंजिनात आहे. कुर्ट टांक यांनी (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फोक-वुल्फ १९० लढाऊ विमानावालेच) आराखडा केला तो ऑर्फियस १२ हे इंजिन धरून, आफ्टरबर्नरसह (मागच्या नळीत जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) ८,००० पौंडांहून जास्त रेटा देणारं. ते इंजिन पूर्णच झालं नाही. मग ऑर्फियस ७०३ वर भागवलं, प्रत्येकी ४,८५० पौंड, आफ्टरबर्नर नाही. दोन्हींची बेरीज ९,७००. हंटर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एकटं एव्हॉन इंजिन १०,००० च्या घरात! पहिलं उड्डाण जून १९६१ मध्ये झालं, पण पुढे इजिप्तच्या ई-३०० इंजिनापासून घरच्या आफ्टरबर्नरपर्यंत केलेला एकही प्रयोग तडीस गेला नाही. आफ्टरबर्नरवाल्या नमुन्याच्या अपघातात १९७० मध्ये चाचणी वैमानिक ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले.

परळकर_७२:
म्हणजे विमान फसलंच म्हणायचं?

ऑर्फियस:
मॅक २ चं म्हणून, हो. जमिनीलगत हल्ला करायला चांगलं. १९७१ च्या भारत-पाक युद्धात हवाई दलाच्या १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रननी राजस्थान-सिंध आघाडीवर वापरलं. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात एक इंजिन गेलेली मारुत दुसऱ्यावर तळावर परतली, तिथे जोडइंजिनाचं वजन वसूल झालं. खोड होती ती नाकातल्या चार ३० मि.मी. एडन तोफांची. चारही एकदम चालवल्या की नाकाला बसणारे हादरे ही कायमची डोकेदुखी.

रंधा:
तोफांची तोंडं दोन्ही बाजूंना दोन-दोन, विसरू नका. पोटातला ५० रॉकेटांचा खोका चाकांवर उभ्या विमानात आतच असतो, तिथे नुसती झाकणाची रेघ ओढा.