पिकअप घेताना: ट्विन टर्बो व्ही६ की व्ही८?

डोंगरवाट (डेन्व्हर)
कॅम्पर ट्रेलर ओढत आय-७० महामार्गावरून कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणाऱ्यांनी व्ही८चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोर्ड एफ-१५० चंच बघा. ३.५ लिटर इकोबूस्ट, म्हणजेच ट्विन टर्बो व्ही६, आणि ५.० लिटर व्ही८, दोन्ही ४०० हॉर्सपॉवरची. पण इकोबूस्टचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) ५०० पाउंड-फूट, तोही ३,१०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). व्ही८चा ४१०, आणि त्यासाठी ४,२५० पर्यंत न्यावं लागतं. त्यात बोगदा ११,००० फुटांच्या वर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते.

टेक्सासकर
ताकद मान्य. पण आमच्याकडे घाट नाहीत, आणि मला गाडी वॉरंटीनंतरही बरीच वर्षं ठेवायची आहे. दोन टर्बो, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), त्यांच्या तेलपाण्याच्या नळ्या, हे सगळं तेव्हा माझ्याच खिशातून. टोयोटाने २०२२ला टुंड्रातून व्ही८ काढून ट्विन टर्बो व्ही६ आणलं, २०२४मध्ये सुमारे १ लाख गाड्यांचा रिकॉल. रॅमने २०२५ला १५०० पिकअपमधलं हेमी व्ही८ बंद केलं आणि २०२६ला परत आणावं लागलं. लोकांना काय हवंय ते यातून कळतं.

डोंगरवाट
टुंड्रात मशिनिंगचा कचरा इंजिनात राहिला होता, त्यात टर्बोचा काय दोष? २०२५मध्ये जीएमने (जनरल मोटर्स) ६.२ लिटर व्ही८च्या अमेरिकेतल्या जवळपास ६ लाख गाड्या क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या दोषासाठी परत बोलावल्या. त्याला टर्बो नाहीच.

टेक्सासकर
कारखान्यातली चूक कुठेही होते, ते सोडा. माझं म्हणणं एवढंच, की जे नाही ते बिघडत नाही. आणि वजन ओढताना टर्बोवालं पेट्रोल कसं पितं, तेही सांगा की लोकांना!

घाटमाथा
दोघंही इंजिनावरच अडलात. फोर्डचा १०-स्पीड ऑटोमॅटिक जीएमसोबत मिळून बनवलेला आहे. चढ-उताराच्या रस्त्यावर तो सारखा गिअर बदलत बसतो. टो/हॉल मोड (वजन ओढण्यासाठीचं सेटिंग) लावल्याशिवाय ट्रेलर ओढूच नये. मला रॅममधला झेडएफ या जर्मन कंपनीच्या डिझाइनचा ८-स्पीड जास्त शांत वाटतो. पायऱ्या कमी, पण एकदा गिअर धरला की धरला.

आणि त्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. गाडी किती वजन पेलू शकते, म्हणजे पेलोड, ते त्यावर असतं. ७,००० पाउंडांचा ट्रेलर असेल तर त्यातले ७०० ते १,०५० पाउंड थेट हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागी) येतात. समजा ९०० धरले. घरातली चार माणसं ६०० पाउंड. झाले १,५००, आणि वरच्या ट्रिमच्या (महागड्या आवृत्तीच्या) कित्येक गाड्यांचं पेलोड तिथेच संपतं. मागे कूलर, सायकली, जनरेटर टाकायचाय अजून. टॉर्क ५०० असो वा ४१०, स्टिकरवरचा आकडा बदलत नाही.

डोंगरवाट
स्टिकरचा मुद्दा बरोबर, डीलरकडे कुणी दाखवत नाही तो. पण तेवढंच वजन घेऊन घाट चढायचा असेल तर मी इकोबूस्टच घेईन.