जोडावर वाघीण (मालडबा) घसरते आणि मॉडेल रेल्वेचा लेआउट महिन्याभरात दाखवायला न्यायचाय

यार्डातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं तुम्हा सगळ्यांचे मॉडेल रेल्वेचे लेआउट (फळीवर मांडलेले छोटे रूळ आणि देखावे) बघतोय, स्वतःचं मात्र कधी काही टाकलं नाही. आज टाकतोय, कारण पुढच्या महिन्यात आम्ही पाच-सहा जण आपापली कामं घेऊन एकत्र जमणार आहोत. माझं काम नेण्याजोगं झालंय की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

लेआउट लहान आहे. एचओ, म्हणजे 1:87, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. 9 मिमी प्लायच्या दोन फळ्या, प्रत्येकी 90 सेंमी लांब आणि 35 सेंमी रुंद, खाली लाकडी चौकट. आराखडा इंगलनूकचा, म्हणजे अ‍ॅलन राइट यांचं ते शंटिंगचं कोडं. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) दोनच, सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ, तीन. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. शंटिंग नेक, म्हणजे गाडी मागेपुढे करायचा टोकाचा रूळ, एवढाच लांब, की इंजिनासोबत तीनच वाघिणी बसाव्यात. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडून द्यायची. आठांतून पाच क्रमाने लावायचे 6,720 प्रकार होतात. मी रोज झोपण्याआधी एक डाव खेळतो आणि अजून एकदाही कंटाळा आलेला नाही.

अडचण दोन फळ्यांच्या जोडावर आहे. तो नेमका नेक आणि पहिला सांधा यांच्या मधे येतो, त्यामुळे प्रत्येक डावात गाडी तिथून दहा-बारा वेळा जाते. ओढताना सगळं सुरळीत. ढकलताना मात्र टाकीची वाघीण घसरते, दहापैकी सहा वेळा तरी. ती पहिली लावा, मधे लावा, घसरते तीच. बाकीच्या वाघिणी नुसत्या ठेचकाळतात आणि पुढे जातात. जोडावर साधे रेल जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, सरकवलेत, फळ्या खालून दोन बोल्टांनी आवळल्यात.

दुसरं म्हणजे, काम अर्धवट आहे. गोदाम अजून पुठ्ठ्याचं, मागच्या सायडिंगला खडी नाही, डाव्या फळीचा कोपरा उघडा प्लाय. फोटो काढतो तर सगळं खेळण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात डोळा खाली नेऊन बघतो तेव्हा तसं अजिबात दिसत नाही. असं अर्धवट काम लोकांपुढे ठेवावं का?

सांधेवाला

न्याच. आणि वाघीण घसरते हेही सांगून टाका. जमलेल्यांपैकी निम्म्यांनी हाच त्रास काढलेला असतो, आणि उपाय माहीत असलेला माणूस पूर्ण झालेल्या लेआउटपेक्षा अशा लेआउटपाशी जास्त वेळ थांबतो.

आता घसरण्याबद्दल. वाघीण आणि जोड दोन्ही तपासा, कारण तुमच्या वर्णनावरून दोष दोन्हीकडे दिसतोय. जोड वाईट आहे म्हणून सगळ्या ठेचकाळतात. टाकीची वाघीण त्याहून वाईट आहे म्हणून तीच पडते.

आधी वाघीण. ती आरशावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. एका कोपऱ्यावर बोट ठेवल्यावर डुगडुगली तर सांगाडा पिळलेला आहे. मग एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर मोजा. एचओला ते साधारण 14.4 मिमी हवं. कमी असेल तर वाघीण रुळांमधे जास्त डुलते, जरा तिरकी होते आणि पायरी मिळाली की चाक वर चढते. तिसरी गोष्ट वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची एचओसाठीची शिफारस अशी: आधी 28 ग्रॅम धरायचे, मग डब्याच्या लांबीच्या दर इंचाला 14 ग्रॅम वाढवायचे. तुमची वाघीण 11 सेंमीच्या आसपास असेल तर साधारण 89 ग्रॅम झाले. टाकीच्या वाघिणी आतून पोकळ असतात, त्यामुळे त्या हमखास हलक्या निघतात. ढकलताना हलकी वाघीण मागच्या रेट्याने उचलली जाते. ओढताना ती घसरत नाही, त्याचं कारण हेच.

आता जोड. बोल्ट फळ्या आवळून धरतो, पण नेमक्या जागी बसवत नाही, कारण त्याच्या भोकात जरा खेळ असतोच. फळ्या दर वेळी त्याच जागी याव्यात म्हणून दोन पितळी खुंट्या बसवा, एका फळीत खुंटी आणि समोरच्या फळीत तिचं घर. बोल्टचं काम फक्त धरून ठेवायचं.

रेल जॉइनर तिथून काढून टाका. जोडाच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) कापून काढा, नाहीतर डाख देताना वितळतील. त्या जागी प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू पिळा, डोकं रुळाच्या तळाला जेमतेम टेकेल इतका. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, अशी उंची बरोबर साधता येते. मग स्क्रूच्या डोक्यावर रूळ सोल्डरने पक्का करा. या सगळ्या वेळात रूळ जोडावरून अखंड असला पाहिजे आणि फळ्या आवळलेल्या असल्या पाहिजेत. सगळं गार झालं की पातळ चकतीने दोन्ही रूळ जोडाच्या रेषेवर कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कधीच जुळणार नाहीत. हे मी तीन वेळा उलट क्रमाने करून शिकलोय.

रूळ कापले की तिथे वीजही तुटते. त्यामुळे दोन्ही फळ्यांना आपापल्या तारा आणि मधे प्लग हवा.

खिडकीजवळची

मी फोटोंबद्दल लिहिते, कारण माझेही वर्षभर खेळण्यासारखेच यायचे.

आपण उभे राहून फोटो काढतो, म्हणजे हेलिकॉप्टरातून काढतो. 1:87 मध्ये 170 सेंमी उंचीचा माणूस 2 सेंमीपेक्षाही जरा कमी भरतो. फलाटावर उभ्या माणसाला जे दिसेल तेच हवं असेल तर लेन्स फलाटापासून 2 सेंमीवर आली पाहिजे. फोन उलटा धरा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातली लेन्स खाली येते आणि फोन थेट रुळांमधे टेकवता येतो. पहिल्यांदा असा फोटो काढला तेव्हा माझंच यार्ड मला ओळखू आलं नाही. खडीचा प्रत्येक दाणा दगडासारखा दिसत होता आणि वाघीण डोक्यावर आल्यासारखी वाटत होती.

उजेड एकाच बाजूने येऊ द्या, वरची ट्यूबलाइट बंद करा. मागे साधा फिकट निळा कागद वाकवून लावा, कोपरा दिसायला नको. त्याआधी मऊ ब्रशने धूळ झटका. डोळ्याला न दिसणारी धूळ फोटोत दोरखंडासारखी दिसते. रुळांच्या बाजू तांबूस तपकिरी रंगवल्या नसतील तर हे आज रात्रीच करा. वरची चाकं लागणारी बाजू मात्र लगेच पुसून घ्या. खेळणं वाटण्याचं निम्मं कारण त्या चकचकीत बाजू असतात.

अर्धवट कामाचं म्हणाल तर मला जॉन अ‍ॅलन आठवतो. पेशाने फोटोग्राफर, कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा. त्याचा गोरी अँड डिफीटेड हा लेआउट तो कित्येक वर्षं वाढवत होता आणि त्याचे फोटो सतत लोकांना दाखवत होता. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच घराला आग लागून जवळजवळ सगळा लेआउट जळाला. आज आपण त्याच्याकडून जे शिकतो ते त्या फोटोंवरून. सगळं पूर्ण होईपर्यंत तो थांबला असता तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं. पुठ्ठ्याच्या गोदामाचा फोटो आत्ताच काढून ठेवा. ते पाडल्यावर तुम्हालाच तो हवासा वाटेल.

आणि एक फोटो सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. सुंदर दिसणार नाही, पण तुमच्यासारखं करू बघणारा सगळ्यात आधी तोच मागेल.

पत्ता तीन

छोटीशी गोष्ट, पण सगळे एकत्र जमल्यावर हमखास घोळ घालणारी. तुमचं इंजिन डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळ्या क्रमांकाने हुकूम देणाऱ्या डिजिटल पद्धतीवर चालत असेल, तर इंजिनातल्या नव्या डीकोडरचा (हुकूम ओळखणाऱ्या चिपचा) पत्ता, म्हणजे क्रमांक, मुळात 3 असतो. सहा जण आपापली नवी इंजिनं एकाच रुळावर ठेवतात, कुणीतरी 3 चालवतो आणि चार इंजिनं एकदम निघतात. घरून निघण्याआधी पत्ता बदला, इंजिनाच्या पोटाखाली कागदाची चिकटपट्टी लावून त्यावर लिहा. आम्ही इंजिनाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घेतो.

पुढे कधी सगळ्यांचे लेआउट एकमेकांना जोडायचं मनात असेल तर फ्री-मो ही लेआउटचे तुकडे जोडायची पद्धत वाचून ठेवा. त्यात मधला आकार तुमच्या मर्जीचा, फक्त टोकं ठरलेल्या मापाची आणि रूळ जमिनीपासून 50 इंचांवर. एन स्केल, म्हणजे एचओपेक्षा लहान मापवाल्यांसाठी टी-ट्रॅक ही तशीच पद्धत आहे. 308 मिमीचे छोटे ठोकळे टेबलावर मांडायचे आणि रुळांच्या क्लिपांनी जोडायचे. तुमच्या शंटिंग नेकचं टोक आत्ता बंद आहे. तिथे फळीच्या कडेपर्यंत रूळ नेऊन ठेवलात तर पुढे उपयोगी पडेल.

यार्डातला

तीन आठवड्यांनी येतोय, पण सगळं करून येतोय.

वाघीण आरशावर ठेवली, चारही चाकं टेकली. चाकांमधलं अंतर मात्र 14 मिमी निघालं. वजन केलं तर 52 ग्रॅम. टाकीचं झाकण उचकटून आत नट चिकटवले, आता 87 भरते. चाकं हलकेच पिळत ओढून 14.4 वर आणली.

जोडावर डाव्या रुळावरून नख फिरवलं तर अडकलं. खालच्या बाजूला कागदाचे कपटे रचत गेलो, तेव्हा तिसऱ्या कपट्याला रूळ समपातळीत आला. म्हणजे पायरी जेमतेम 0.3 मिमीची. दोन वर्षं मी ती डोळ्यांनी शोधत होतो.

स्क्रूचं काम दोन रात्री चाललं. पहिल्या रात्री डाख धरेचना. स्क्रूचं डोकं नुसतं पुसून भागत नाही, कानशीने घासून पिवळंधमक करावं लागतं, मग सोल्डर पाण्यासारखं पसरतं. चकती रुळात शिरली तेव्हा हात थरथरत होता. कापून झाल्यावर आतल्या कडांवरून कानस एकेकदा तिरकी फिरवली, बोल्ट सोडले, फळ्या वेगळ्या केल्या, पुन्हा खुंट्यांवर बसवल्या आणि डोळे मिटून नख फिरवलं. जोड कुठे आहे ते समजलं नाही.

टाकीची वाघीण पन्नास वेळा ढकलली. एकदाही घसरली नाही. आवाजही बदललाय, आधी खट्ट व्हायचं, आता बारीक टिक येते.

फोन उलटा धरून काढलेले फोटो खाली टाकलेत, वरून मोजपट्टीसकट काढलेलाही आहे. गोदाम पुठ्ठ्याचंच नेतोय. इंजिनाचा पत्ता 47 केलाय.

एकच उरलंय. दुसऱ्या सांध्याच्या मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर इंजिन हळू असताना क्षणभर थबकतं. हे काय करू?

सांधेवाला

आधी इंजिनाची चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सगळी चाकं वीज उचलतायत का ते एकेक करून बघा. लहान इंजिनात एखादी पट्टी चाकापासून सुटलेली असते. ते ठीक असूनही थबकलं तर सांधा बदलून धातूच्या मध्याचा घ्यावा लागेल, पण ते तुमची जमायची भेट झाल्यानंतर करा, आत्ता त्याला हात लावू नका.

चिठ्ठ्यांचा डबा विसरू नका. मला पहिला डाव खेळायचाय, टाकीची वाघीण सगळ्यात पुढे लावून.