गिनीपिग खात नाही, हनुवटी ओली: थांबावं का?

गवतकाडी: ३ वर्षांची मादी. कालपासून गवताजवळ जाते, तोंड लावते आणि सोडून देते. हनुवटी ओली, लेंड्या बारीक आणि कमी. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

लेंडीमोजणी: नाही, आजच दाखवा. खायची इच्छा आहे पण चावता येत नाही, वर लाळ, म्हणजे बहुधा दाढा वाढून जिभेला टोचताहेत. नुसते पुढचे दात बघून हे कळत नाही. १२ तास पोटात काही गेलं नाही तर आतडी मंदावतात, गॅस धरतो. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर जबरदस्तीने भरवू नका.

किचनकाटा: रोज एकाच वेळी वजन करा. दोन-तीन दिवसांत ५० ग्रॅम उतरलं तरी दुखणं समजा; हे प्राणी आजार लपवतात, काटा लपवत नाही!

गवतकाडी: उडीही मारत नाही, मागचे पाय आखडलेत.

लेंडीमोजणी: मग क जीवनसत्त्वाची कमतरताही तपासायला सांगा. रोज किलोमागे १० ते ३० मिग्रॅ लागतं. पाण्यात थेंब टाकू नका, लवकर निकामी होतात. ढोबळी मिरची द्या. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) अजिबात नको, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जीवावर बेततं.