मदत हवी आहे : टर्निंग सेंटरवर बसवलेला कोबॉट वारंवार थांबतो

दुसरी_पाळी
भोसरीच्या आमच्या कारखान्यात टर्निंग सेंटरला (धातूचा भाग फिरवून कापणाऱ्या मशीनला) जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावण्या-काढण्यासाठी ५ किलो क्षमतेचा कोबॉट (माणसाशेजारी काम करणारा रोबो हात) नुकताच बसवला आहे. पुरवठादार सर्व काही व्यवस्थित असल्याचे सांगतात, परंतु तो दर थोड्या वेळाने ‘प्रोटेक्टिव्ह स्टॉप’ (सुरक्षेसाठी आपोआप थांबणे) दाखवून उभा राहतो आणि शेजारी गेज (माप तपासण्याचे साधन) लावून जॉब तपासणाऱ्या ताईंना हातातले काम टाकून पेंडंटवरून (कोबॉट चालवण्याच्या हाती धरायच्या पॅनेलवरून) तो पुन्हा सुरू करावा लागतो. जॉब जेमतेम १.८ किलोचा आहे, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही. सेफ्टीची मर्यादा थोडी सैल केली तर चालेल का, एवढेच मला हवे आहे. माल अडकला आहे, कृपया लवकर सांगावे.

गेजरूम
तो नेमका कोठे थांबतो, ते आधी सांगा : ट्रेवरून जॉब उचलताना, मशीनच्या दारातून आत जाताना की चकसमोर (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागासमोर)? ग्रिपर (हाताच्या टोकाची पकड) एकेरी आहे की दुहेरी, त्याचे वजन किती आणि पेंडंटमध्ये पेलोड (हाताने पेलायचे वजन) किती भरला आहे? स्टँड जमिनीला बोल्टने बांधलेला आहे की चाकांवर आहे? एवढे कळल्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर अंदाजच ठरेल.

जुना_फोरमन
माझा सल्ला स्पष्ट आहे. कोबॉट परत करा, साधा औद्योगिक रोबो घ्या आणि भोवती जाळीचे कुंपण घाला. कुंपणाआड रोबो पूर्ण वेगाने चालतो. माणसाशेजारी चालवायचा म्हटला की वेग उतरवावा लागतो आणि सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) वाढतो. आमच्याकडे असे दोन सेल बिनतक्रार चालू आहेत.

असेंब्ली_लाइन
फोरमनसाहेब, आपला मुद्दा वेगापुरता मान्य आहे, पण तेथे ताई बसून जॉब तपासत आहेत आणि मापात फरक दिसला की त्या स्वतःच मशीनचा ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) बदलत असणार. त्यांना कुंपणाबाहेर बसवले तर तपासणीची सारी मांडणीच बदलावी लागेल. चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात असे कोबॉट हात माणसांच्या बरोबरीने काम करत आले आहेत, तेव्हा ही कल्पनाच चुकीची आहे असे म्हणता येणार नाही.

नवा_अभियंता
माझे डिप्लोमाचे शेवटचे वर्ष आहे. कोबॉटचे प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी आधी पीएलसी (मशीन नियंत्रित करणारा औद्योगिक संगणक) शिकावे का?

दुसरी_पाळी
मूळ प्रश्न बाजूला पडू नये, ही विनंती. ग्रिपर दुहेरी आहे आणि ब्रॅकेटसह २.१ किलो भरतो. ग्रिपरच्या एका पकडीत नवा ब्लँक (अजून न घडवलेला जॉब) धरून हात आत जातो, दुसऱ्या पकडीने चकमधला तयार जॉब काढतो, मग मनगट फिरवून ब्लँक लावतो. तयार जॉब १.३ किलोचा आहे. बहुतेक वेळा तो चकसमोरच थांबतो. पेंडंटमध्ये पेलोड ३.९ किलो भरलेला आहे. तो पुरवठादाराच्या माणसाने भरला. स्टँड बोल्टने बांधलेला आहे.

गेजरूम
मग वजनाचाच प्रश्न आहे. ग्रिपर २.१, ब्लँक १.८ आणि तयार जॉब १.३ मिळून ५.२ किलो होतात, म्हणजे अदलाबदलीच्या क्षणी हाताच्या क्षमतेपेक्षा जास्त. शिवाय दुहेरी ग्रिपरचे वजन मनगटाच्या मध्यापासून दूर पडते आणि गुरुत्वमध्य जितका दूर, तितका पेलवणारा भार आणखी कमी होतो. असा हात प्रत्येक सांध्याला किती जोर लागायला हवा याचे गणित भरलेल्या पेलोडवरून करत असतो. प्रत्यक्षात लागणारा जोर त्या गणिताशी जुळला नाही, की कोणीतरी आडवे आले आहे असे समजून तो थांबतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ३.९ हा आकडा सुरुवातीला एकदाच भरला असावा. जॉब उचलला, सोडला, ब्लँक आणि तयार जॉब दोन्ही ग्रिपरमध्ये आले, अशा प्रत्येक टप्प्यावर पेलोड आणि गुरुत्वमध्य बदलले पाहिजेत. अर्थात ५.२ भरून क्षमता वाढणार नाही. तूर्त तयार जॉब आधी बाहेर ठेवून मगच ब्लँक आत न्या, किंवा ग्रिपर हलका करून घ्या.

झटपट_सेटिंग
एवढा व्याप कशाला? आमच्याकडे सेफ्टीची पातळी एक पायरी सैल केली आणि थांबणे बंद झाले. वर्षभरात काहीही घडलेले नाही.

असेंब्ली_लाइन
हा सल्ला कृपया कोणी पाळू नये. कोबॉटच्या सुरक्षिततेविषयीच्या २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवजात शरीराच्या वेगवेगळ्या भागांना सोसवणाऱ्या जोराच्या मर्यादा दिलेल्या आहेत : माणसाची बोटे कोबॉटचा हात आणि फिक्स्चर (जॉब बसवण्याची चौकट) यांच्या मध्ये चेंगरली जात असतील तर १४० न्यूटन, चेहऱ्यासाठी अवघे ६५. येथे चकसमोर हाताच्या आणि मशीनच्या मध्ये बोटे सापडू शकतात आणि गेज लावायला वाकलेल्या ताईंचा चेहरा हाताच्याच उंचीवर येत असेल. शिवाय टर्निंग झालेल्या जॉबच्या कडेला बर (धातूची धारदार कोर) असते. हात गोलाकार आणि मऊ असला, तरी त्याने धरलेली वस्तू धारदार असेल तर ते काम माणसाशेजारी करण्याजोगे राहत नाही, कारण सुरक्षितता नुसत्या हाताची नव्हे, तर ग्रिपर, जॉब आणि जागा यांसह सबंध कामाची तपासायची असते. पुरवठादाराने जोखमीचे लेखी मूल्यमापन दिले आहे का?

जुना_फोरमन
म्हणूनच मी कुंपण म्हणत होतो.

असेंब्ली_लाइन
कुंपणाऐवजी एरिया स्कॅनरही (आसपास कोणी आले का ते टिपणारे उपकरण) लावता येतो. माणूस ठरलेल्या अंतराच्या आत आला की हात मंदावतो किंवा थांबतो, आणि माणूस दूर असताना पूर्ण वेगाने चालतो. आपल्याला हवा असलेला वेग त्यातूनही बराच मिळेल.

दुसरी_पाळी
सर्वांचे आभार. तयार जॉब आधी बाहेर ठेवण्याचा क्रम लावला आणि प्रत्येक टप्प्याला पेलोड बदलला. कालच्या पूर्ण पाळीत हात थांबला नाही. सायकल टाइम वाढला आहे, त्यामुळे हलक्या ग्रिपरची चौकशी करत आहे. सेफ्टीची मर्यादा होती तशीच ठेवली आहे. मूल्यमापनाचा कागद मात्र आम्हाला मिळालेला नाही, आणि पुरवठादार म्हणतात की कोबॉटला त्याची गरजच नसते. हे खरे आहे का?

गेजरूम
खरे नाही. हाताचे प्रमाणपत्र हाताच्या उत्पादकाचे असते. तुमच्या सेलचे, म्हणजे हात, ग्रिपर, मशीन आणि जागा यांच्या सबंध मांडणीचे, मूल्यमापन सेल उभारणाऱ्याने करायचे असते. शिल्लक रक्कम देण्यापूर्वी ते लेखी मागून घ्या, आणि त्यात दुहेरी ग्रिपर, बर असलेला जॉब आणि ताईंची बसण्याची जागा या तिन्हींचा उल्लेख आहे ना, ते पाहा. तोवर त्यांचे टेबल हाताच्या पोहोचीबाहेर सरकवा.