'सायको' पहिल्यांदा पाहिला तेव्हा... (अनुभव धागा)

आधीच सांगते, इथे सगळं फुटणार आहे. खुनी कोण, आई कुठे, सगळं. 'सायको' बघायचा राहिला असेल तर धागा मिटा, पावणेदोन तास काढा आणि मग या.

हिचकॉकचा हा सिनेमा जून १९६० मध्ये न्यूयॉर्कला लागला. समीक्षकांसाठी वेगळा खेळ ठेवला नव्हता, त्यांनीही पब्लिकमध्ये बसूनच बघायचा. वर अट अशी, की सिनेमा सुरू झाला की कुणालाही आत सोडायचं नाही. तिकडे तेव्हा लोक मधूनच येऊन बसत आणि हुकलेला भाग पुढच्या खेळाला बघून उठत. पण जॅनेट ली, म्हणजे पोस्टरवरची नटी, इथे पाऊण तासात मरते. उशिरा येणारा बिचारा शेवटपर्यंत तिची वाट बघत बसला असता! न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक बॉस्ली क्राउदर याने आधी नाक मुरडलं आणि वर्षअखेरीस स्वतःच्या पहिल्या दहांत घेतला. लंडनच्या ऑब्झर्व्हर वर्तमानपत्राच्या समीक्षक लजूनबाई तर अर्ध्यातूनच उठून गेल्या. पब्लिक मात्र रांगा लावत होतं.

तुम्हाला आधी किती माहीत होतं आणि तरीही कुठे दचकलात, ते लिहा. शॉवरमधला खून सोडून, तो सगळ्यांचाच आहे. माझ्यापुरता जिना. डिटेक्टिव्ह वर चढतो, कॅमेरा छताला जाऊन बसतो आणि खोलीतून मोटेलवाल्या नॉर्मनची आई बाहेर येते. आईचा चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा वर नेलाय हे पुढे वाचलं. वाचूनही काही फरक पडला नाही.

रिकामटेकडी
मी मोबाईलवर पाहिला, गेल्या वर्षी. शॉवरचा सीन रीलमध्ये इतक्यांदा बघितलेला की पाठ होता. पण त्याच्या आधी काय आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती ऑफिसचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, काळ्या चष्म्याचा पोलीस मागे लागतो, ती घाईघाईत गाडी बदलते. मी त्यातच अडकले. पकडतात का, परत जाते का, याच विचारात. ती मोटेलवर पोचली तेव्हा मला हायसं वाटलं!! जिथे मरणार हे मला पाठ आहे, तिथे ती पोचल्यावर मला हायसं वाटतंय. कमाल आहे त्या माणसाची.

डोंबिवलीचा जुना
रिकामटेकडी, बरोब्बर. आमच्या वेळी कॅसेट भाड्याने आणायची आणि एकाच्या घरी दहा जण जमायचे. त्या कॅसेटवाल्यानेच "खुनी आई नाहीये हां" असं सांगून पाठवलेलं, त्याला नरकात जागा मिळो. तरी एक प्रसंग सांगतो. नॉर्मन खोली पुसतो, प्रेत गाडीच्या डिकीत टाकतो, गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडते, बुडते आणि अर्ध्यावर थांबते. तो चणे चघळल्यासारखं काहीतरी चघळत बघत उभा. आमच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "अरे बुड ना!" आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पाच मिनिटांपूर्वी त्या मुलीसाठी हळहळणारे आम्ही आता तिचं प्रेत दडवणाऱ्याच्या बाजूने. गाडी बुडल्यावर सुटकेचा श्वास टाकला, मग एकमेकांकडे बघून ओशाळलो.

पन्हाळा
ही ऐकीव गोष्ट आहे, सासऱ्यांकडून. ते तेव्हा अमेरिकेत शिकत होते, त्यांनी १९६० मध्येच थिएटरात पाहिला. काहीही माहीत नसताना बघितलेला माझ्या ओळखीतला एकमेव माणूस. त्यांना आरडाओरडा आठवतो, पण त्यांच्या मते त्याहून भारी म्हणजे नंतरची चुळबूळ. नायिका मेली, आता सिनेमा कुणाचा, हेच लोकांना कळेना. मागच्या रांगेतल्या बाई "ती खरी मेली नसेल" असं नवऱ्याला समजावत होत्या म्हणे. बाहेर पडताना दारावरचा माणूस शेवट सांगू नका म्हणून विनवत होता. सासऱ्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. मलाही लग्नानंतर सिनेमा दाखवला, सांगितला नाही.

कानसेन
डोंबिवलीकर काका, तो चणे नाही, कँडी कॉर्न (मक्याच्या दाण्यासारख्या गोळ्या) खातो :)
मी साउंडवाला, त्यामुळे माझं दचकणं तिथलंच. संगीतकार बर्नार्ड हरमनने सबंध सिनेमा फक्त तंतुवाद्यांवर काढलाय. ना पितळी वाद्यं, ना ढोल. शॉवरला संगीत नको असं हिचकॉकचं म्हणणं होतं, हरमनने तरी लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून घेतलेला, रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कृष्णधवल असल्याने खपलं. साधारण पाऊण मिनिटाच्या त्या खुनाला आठवडाभर शूटिंग लागलं. एवढं माहीत असूनही एकदा आवाज बंद करून बघा. निम्मी भीती जाते. आपल्या मालिकांत सासू वळली की जे व्हायोलिन किंचाळतं, त्याचं मूळ गाव हेच.

अनामिका_८
मी मानसोपचार विभागात समुपदेशन करते. सिनेमा आवडतो, तरी एक तक्रार आहे. या सिनेमामुळे आणि याच्या शेकडो नकलांमुळे लोकांच्या डोक्यात 'दुभंगलेला माणूस म्हणजे खुनी' हे घट्ट बसलंय. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे नातेवाईक आजही विचारतात, "म्हणजे याच्यात दोन माणसं आहेत का?" नाहीत. तो आजार वेगळा, आणि दोन-दोन व्यक्तिमत्त्वांचा तो आणखी वेगळा. बहुतेक पेशंट कुणाला इजा करत नाहीत, उलट तेच मार खातात. नॉर्मनच आई बनून खून करत होता, हे समजावायला शेवटी तो डॉक्टर उभा राहून जे लांबलचक व्याख्यान देतो, ते तर मला असह्य होतं.

माळरान
डॉक्टरच्या व्याख्यानाला माझाही विरोध. सगळं कळलेलं असताना मास्तर पुन्हा फळ्यावर लिहून दाखवतो.
माझं दचकणं उशिराचं आहे. पुण्यात फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला, तिथे कुणीतरी त्याच वर्षीच्या ब्रिटिश 'पीपिंग टॉम'बद्दल बोललं. त्यातही खून करणारा एकटा, लाजरा तरुण. त्यावर ब्रिटिश समीक्षक असे तुटून पडले की मायकेल पॉवेलसारख्या मोठ्या दिग्दर्शकाचं तिथलं करिअर जवळपास संपलं. आणि हिचकॉकला ऑस्करचं नामांकन. माझ्या मते पॉवेलचा खुनी कॅमेरा घेऊन मारतो, म्हणजे बघणाऱ्यालाच आरोपी करतो. हिचकॉकही तेच करतो (ती दलदल!), पण गालातल्या गालात हसत. लोक हसणाऱ्याला माफ करतात.

बे_एरिया_बंडू
लॉस एंजेलिसला युनिव्हर्सल स्टुडिओच्या टूरमध्ये ते घर आणि मोटेल दाखवतात. भर उन्हात, ट्राममध्ये पोरंबाळं, समोसे संपवून झालेले. घर अपेक्षेपेक्षा लहान. काही म्हणजे काही वाटलं नाही. रात्री हॉटेलात मात्र बायकोने मला बाथरूमच्या दाराबाहेर उभं केलं.

रिकामटेकडी
बंडूदादा =)) पण हे सगळं खऱ्या घटनेवर आहे ना?

पन्हाळा
धागा पकडला म्हणायचं इतकंच. विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफील्डला १९५७ मध्ये एड गीन नावाचा खुनी पकडला गेला. रॉबर्ट ब्लॉक तिथून जवळच राहायचा, त्याने १९५९ मध्ये 'सायको' कादंबरी लिहिली, सिनेमा तिच्यावरून. मोटेल, शॉवर, चाळीस हजार, हे काही गीनच्या प्रकरणात नाही. आईने पछाडलेला एकटा मुलगा आणि शेजाऱ्यांना कधी न आलेली शंका, एवढंच तिथलं.

सुगरण_नसलेली
सगळे डॉक्टरला शिव्या देताय म्हणून लिहिते. मागच्या दिवाळीत आईला दाखवला. तिला ना हिचकॉक माहीत ना शॉवर. मुलगी मेली तेव्हा आई किंचाळली नाही. म्हणाली, "अगं, आणि पैसे?" नॉर्मनने पैसे गुंडाळलेलं वर्तमानपत्र न उघडताच गाडीत फेकलं तेव्हा खरी किंचाळली. पुढे डिटेक्टिव्ह मेला, नॉर्मनच्या आईचा सापळा खुर्चीसकट वळला, पण तिचा जीव त्या पुडक्यात. "लोकांचे पैसे आहेत, कुणीतरी शोधा." शेवटी ते व्याख्यान चालू असताना एक जण डॉक्टरला विचारतो, चाळीस हजार कुणाला मिळाले? डॉक्टर म्हणतो, दलदलीला. आई म्हणाली, "चला, एकाने तरी विचारलं," आणि चहा टाकायला उठली.