मदत हवी आहे: होसा या आरोग्यक्षेत्राच्या विद्यार्थी संघटनेबद्दल माहिती असलेले अमेरिकेतले पालक आहेत का इथे?

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासला असतो. लेक यंदा नववीत गेली, हेल्थ सायन्स घेतलंय, आणि आता होसात नाव द्यायचं म्हणतेय.

आत्तापर्यंत कळलेलं सांगते. सीटीई म्हणजे करिअर आणि तांत्रिक शिक्षणाचे वर्ग. त्यांना जोडलेल्या विद्यार्थी संघटना म्हणजे सीटीएसओ. आरोग्यक्षेत्राची होसा, मार्केटिंगची डेका, शेतीची एफएफए (ही तर १९२८ पासूनची!). शाळेतली शाखा म्हणजे चॅप्टर, ती सांभाळणारे शिक्षक म्हणजे ॲडव्हायझर.

अडलंय ते स्पर्धांपाशी. मेडिकल टर्मिनॉलॉजीची, म्हणजे वैद्यकीय शब्दांची, लेखी परीक्षा एकट्याने द्यायची असते. सीपीआर-फर्स्ट एडला (छाती दाबून जीव वाचवणं आणि प्रथमोपचार) दोघांची जोडी लागते आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. लेकीचा ओढा या सीपीआरच्या स्पर्धेकडे आहे. मला वाटतं, पहिल्या वर्षी शब्दांचा पाया पक्का केलेला बरा, पुढे सगळीकडे तोच कामाला येतो. तुमच्या मुलांनी कुठून सुरुवात केली?

आणखी एक. लेक चॅप्टरची ऑफिसर (विद्यार्थी पदाधिकारी) झाली तर अभ्यास सांभाळून जमतं का? राज्य पातळीवर निवड झालीच, तर प्रवास-मुक्कामाचा खर्च तुमच्याकडे शाळेने दिला की घरून करावा लागला? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा, फॉर्म लवकरच भरायचाय.