घर खायला उठतं तेव्हा नेमकं काय करायचं?

साथीत घरी बसायची वेळ आली की ‘मन शांत ठेवा’ असं सगळेच सांगतात, कसं ठेवायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून इथं फक्त कृती हवी आहे. किती वाजता, किती वेळ, आणि कुठं फसतं. वाचणाऱ्याला उद्या सकाळपासून करता यावं इतकं नेमकं लिहा, असं वेगवेगळी कामं करणाऱ्या सहा जणांना सांगितलं.

समुपदेशन करणारी

‘काळजी करू नकोस’ म्हटल्याने काळजी थांबत नाही. तिला वेळ नेमून दिली तर मात्र बऱ्यापैकी थांबते. रोज 15 मिनिटं, ठरलेल्या वेळी, झोपेच्या किमान दोन तास आधी, गादीवर नव्हे तर टेबलाशी बसून. दिवसभरात डोक्यात काही आलं की चार-पाच शब्दांत टिपायचं आणि हातातल्या कामाला लागायचं. नेमलेल्या वेळी त्या टिपांचे दोन रकाने करायचे: ‘हातात आहे’ आणि ‘हातात नाही’. पहिल्यात पुढची एकच कृती लिहायची, दुसऱ्यात पुन्हा कधी बघायचं ती तारीख.

फसतं ते लिहिण्यात. ‘आईचं कसं होणार’ ही ओळ कितीही वेळा लिहिली तरी तिचं काही करता येत नाही. तीच जरा खणून बघा: आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या 9 उरल्यात आणि आणायला कोण जाणार ते ठरलेलं नाही. आता ती पहिल्या रकान्यात गेली, समोर ‘उद्या 11 वाजता औषधाच्या दुकानात फोन’ असं आलं. उरलं ते ‘तिला लागण होईल का’. त्यापुढे रविवारची तारीख घालायची आणि वही मिटायची. पहिले चार-पाच दिवस मन वेळ पाळत नाही, दुपारीच वही मागतं. तेवढे दिवस नेटाने काढावे लागतात.

वहीने भागत नाही अशी वेळही येते. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि जेवण दोन्ही बिघडलं असेल तर डॉक्टरांशी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी फोन करून हे स्पष्ट शब्दांत सांगा.

झोपेच्या तक्रारींवर काम करणारा

झोपायची वेळ नव्हे, उठायची वेळ आधी बांधा. सुट्टीच्या दिवशीही तीच. उठल्यावर तासाभरात गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी अर्धा तास बसा. खोलीतला दिवा काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) देतो, ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर काही हजार असतात, आणि शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. घरात बसलेल्या माणसाला नेमका हाच उजेड मिळत नाही. मग दिवस पुढे सरकत जातो आणि पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

झोप येत नाही असं अंदाजे 20 मिनिटं वाटलं की उठून मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. घड्याळ बघू नका. गादीवर लॅपटॉप घेऊन काम केलं तर गादी म्हणजे जागं राहायची जागा अशी सवय शरीराला लागते. एकाच खोलीत राहत असाल तर निदान खुर्ची वेगळी ठेवा.

घरच्या विलगीकरणातल्या रुग्णांवर देखरेख करणारी परिचारिका

कोविडमध्ये ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, धीर देतो, आणि चुकीचा वापरला तर जीव टांगणीला लावतो. आधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गरम हवं, नखाला रंग नको, हात छातीच्या उंचीवर स्थिर. आकडा लगेच वाचू नका. मिनिटभर थांबा, स्थिरावला की लिहा. दिवसातून तीनदा पुरे. गार बोटावर 91 दिसतं, हात चोळून पुन्हा लावलं की 97 येतं, पण मधल्या दोन मिनिटांत घाबरून छाती धडधडायला लागलेली असते. दर दहा मिनिटांनी मोजणाऱ्यांचं हेच होतं.

नीट मोजूनही दोनदा 94 च्या खाली आलं तर डॉक्टरांना फोन करा, 92 किंवा त्याखाली आलं तर तातडीची मदत मागवा. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडं जास्त दाखवू शकतं. म्हणून धाप लागणं, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं तर आकडा चांगला असला तरी थांबू नका.

आकडेवारीचं काम करणारा

बातम्या दोनदाच, प्रत्येकी 15 मिनिटं, आणि त्यातली एक आरोग्य खात्याची. रोजचा रुग्णांचा आकडा बघून मन वरखाली करून घेऊ नका. सुट्टीला चाचण्या आणि नोंदी कमी होतात, त्यामुळे आकडा पडतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उसळतो. सात दिवसांची सरासरी आठवड्यातून एकदा बघा.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज फोन करणारी

‘कसे आहात काका?’ विचारलं की ‘बरा आहे’ एवढंच येतं. ‘सकाळपासून किती वेळा उठून चाललात?’, ‘आज कोणाशी बोललात?’ असं विचारा. वेळ ठरलेली हवी, साधारण तिन्हीसांजेची, कारण एकटेपणा तेव्हाच जास्त टोचतो. गप्पा संपल्या तरी फोन ठेवू नका, दोघांनी मिळून एकच शब्दकोडं सोडवा. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने दुसरा, तोही नाही उचलला तर किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना. हा क्रम काकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही कोणीतरी बघणार आहे हे माहीत असतं.

लांबच्या मोहिमांची आखणी करणारा

अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी हिवाळाभर अडकणाऱ्या माणसांवरच्या अभ्यासात बेक्टेल आणि बर्निंग यांनी 1991 मध्ये एक गोष्ट मांडली: अर्धा काळ उलटून गेल्यावर, म्हणजे एकूण काळाचे चार भाग केले तर तिसऱ्या भागात मन खचतं. साथीत तर शेवटची तारीखच ठाऊक नसते, मग तिसरा भाग कुठला हेही कळत नाही. म्हणून 14 दिवसांचा तुकडा स्वतः पाडा. कॅलेंडरवर पंधरावा दिवस गोल करा आणि काम, पैसे, मुलांचा अभ्यास यांचे सगळे निर्णय तेवढ्यापुरतेच घ्या. आठव्या ते अकराव्या दिवसांत काहीतरी बदल आधीच पेरून ठेवा: टेबलाची जागा, कामांची वाटणी, राखून ठेवलेलं एखादं पुस्तक. पंधराव्या दिवशी नवा तुकडा आखताना जुना कागद फाडू नका, भिंतीवरच राहू द्या.